बिबट्या आणि बीजगणित

योगिनी कोठुळेला कशाची भीती वाटत नाही, असं कुणी विचारलं असतं तर तिच्या आईला चटकन उत्तर सापडलं नसतं. विहिरीत डोकावायची भीती, विजांची भीती, वर्गात नाव पुकारलं जाण्याची भीती. घरी पाहुणे आले की ही पोर मागच्या दारानं निसटायची आणि कुणी सांगितलेलं नसतानाही शेवंतीच्या वाफ्यात जाऊन फुलं खुडत बसायची. "हिच्या जिवात जीव कमी घातलाय देवानं," असं आई, सुवर्णा, म्हणायची आणि म्हणता म्हणता तिला जवळ ओढायची.

नाशिकरोड ओलांडून पुढं गेलं की दारणेच्या काठाला त्यांचा मळा. वडील भारत शेवंती, झेंडू आणि अधूनमधून कोथिंबीर-मेथी करत आणि पहाटे माल घेऊन नाशिकच्या बाजाराला जात. अंगणापलीकडं चुलत्याचं घर, आणि त्या घरात योगिनीच्याच वर्गातला तिचा चुलतभाऊ समर्थ. समर्थ बोलघेवडा, कशालाच न भिणारा. निदान तो स्वतः तसं सांगायचा. दोघं रोज सायकलीवरून गावातल्या शाळेत जायची. मळ्यापासून गावापर्यंतचा रस्ता कच्चा आणि दोन्ही अंगांना माणसापेक्षा उंच ऊस.

दहावीचं वर्ष लागलं तशी योगिनीच्या सगळ्या भीती एका बाजूला आणि बीजगणित एका बाजूला, असं झालं. भूमितीचं तिला काही वाटत नसे. त्रिकोण डोळ्यांना दिसतो, वर्तुळ दिसतं, कंपास हातात धरता येतो. पण आकड्यांच्या घोळक्यात एक्स आणि वाय शिरले की ती नजर खाली घालायची. वर्गसमीकरण फळ्यावर आलं की तिचे कान तापत आणि सरांचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू येई. पूर्वपरीक्षेत तिला बीजगणितात चाळीसपैकी सात गुण पडले. तो पेपर तिनं दप्तरात तळाशी घातला आणि आईला सांगितलं, अजून तपासून झाले नाहीत.

गणिताचे सर, सावळीराम सर, माणूस समजूतदार होते. त्यांनी वर्गात जोड्या लावल्या. ज्याला जे येतं त्यानं ते दुसऱ्याला शिकवायचं. योगिनीच्या वाट्याला राखी पगारे आली. राखी गावातल्याच भीमनगरात राहायची. वडील मनमाडला रेल्वेत कामाला, आठवड्याच्या सुट्टीला घरी येणारे. आई छायाताई गावच्या पतसंस्थेत शिपाई. राखीचं बीजगणित असं, की सर फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार. भूमितीत मात्र ती नुसती पाठांतरावर तरून जात होती, आणि हे तिनं आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

पहिले दोन आठवडे शाळा सुटल्यावर दोघी वर्गातच बसायच्या. समर्थही बसायचा, कारण त्याला योगिनीला सोडून घरी जायची परवानगी नव्हती. तो खिडकीत बसून मोबाइल बघायचा आणि मधूनच म्हणायचा, की दहावीला नापास कुणी होतच नाही आता, तुम्ही उगा जीव काढताय.

मग जानेवारीत बिबट्या आला.

तसा तो परिसरात कायमच होता. दर वर्षी कुणाची तरी शेळी जायची, कुणाला तरी रस्ता ओलांडताना दिसायचा. पण त्या वर्षी ऊसतोड सुरू झाली, फड रिकामे व्हायला लागले आणि त्याची लपायची जागा घरांच्या जवळ जवळ सरकत आली. एका सकाळी कोठुळ्यांच्या दारातला कुत्रा दिसला नाही. नुसती साखळी पडली होती, आणि शेवंतीच्या वाफ्यातून काहीतरी ओढत नेल्याची खूण उसापर्यंत गेली होती. योगिनीनं ती खूण पाहिली. त्या दिवसापासून ती अंगणातल्या मोरीवर एकटी जाईना.

वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावला, सगळ्यांना सांगून गेली: संध्याकाळी एकटं फिरू नका, चालताना मोठ्यानं बोला, मोबाइलवर गाणी लावा, आणि समोर आलाच तर पळू नका. भारतनं त्याच दिवशी फर्मान काढलं. शाळा सुटली की तडक घरी. अभ्यास-बिभ्यास दिवसाउजेडी.

त्यामुळं राखी रविवारी मळ्यावर यायला लागली. भारत तिला मोटरसायकलवर घेऊन यायचा आणि ऊन कलायच्या आत सोडून यायचा. फुलं भरायच्या शेडमध्ये पोत्यांवर बसून तिघांचा अभ्यास चाले. राखी एकेक गणित सोडवून दाखवी, योगिनी मान डोलावी आणि पुढचं गणित समोर आलं की पुन्हा कोरी. राखी चिडायची नाही, पण एकदा तिनं पेन खाली ठेवून विचारलं, की तुला कळत नाही की तू बघतच नाहीस? खरं म्हणजे योगिनी बघतच नव्हती. भीती वाटणाऱ्या गोष्टीकडं थेट बघायचं नाही, हे ती लहानपणापासून करत आली होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भारत सटाण्याला लग्नाला गेला. चारपर्यंत येतो म्हणाला होता. पाच वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता, फोन लागत नव्हता. चुलताही परगावी गेलेला. राखी चुळबुळायला लागली, घरी आई वाट बघत असेल म्हणून. सुवर्णा म्हणाली, इथंच राहा आज. पण समर्थ उठला. अजून लखलखीत ऊन आहे, हातात काठ्या घेऊन आम्ही दोघं हिला सोडून येतो, तिघं असल्यावर काय होतंय, असं त्यानं चुलतीला पटवलं. सुवर्णाचं मन होत नव्हतं. शेवटी तिनं सांगितलं, मोठ्यानं बोलत जा, तोंड मिटू नका.

मोठ्यानं बोलायचं तर काय बोलायचं? समर्थनं गाणं लावलं तर मोबाइलची बॅटरी संपलेली. तेव्हा राखीनंच सूत्रं म्हणायला सुरुवात केली. "वजा बी, अधिक-वजा, वर्गमुळात बी वर्ग वजा चार एसी, भागिले दोन ए." ती एक ओळ म्हणायची आणि दोघं मागून ओरडायची. समर्थला त्यात गंमत वाटत होती. योगिनी मात्र प्रत्येक ओळ अर्ध्यात सोडत होती. डाव्या हाताचा फड तोडून मोकळा झाला होता, उजवीकडचा उभा होता, आणि वारा नसतानाही त्याची पाती एकमेकांवर घासत होती. ती फक्त समोरच्या राखीच्या वेणीकडं बघत चालली होती.

वळणावर बिबट्या बसला होता.

रस्त्याच्या मधोमध, एखादं कुत्रं बसावं तसा, पुढचे पाय सरळ टाकून. योगिनीला आधी कळलंच नाही ते काय आहे. मग त्यानं मान वळवली. समर्थच्या हातातली काठी खाली पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ त्याच्या पळत्या पावलांचा. तो मळ्याच्या दिशेनं किंचाळत पळत सुटला होता. त्या आवाजानं बिबट्या उठून उभा राहिला.

"पळू नको," राखी म्हणाली. योगिनी पळणार कुठून? राखीनं मागं हात करून तिचं मनगट धरलं आणि पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा मोठ्यानं, चिरक्या आवाजात: वजा बी, अधिक-वजा. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. बिबट्या बघत राहिला. त्याचं शेपूट जमिनीलगत हललं. किती वेळ गेला ते योगिनीला नंतर कधीच सांगता आलं नाही. तिला आठवत होतं ते एवढंच, की मांड्यांवरून काहीतरी कोमट खाली गेलं आणि चप्पल ओली झाली.

मग तो वळला आणि उभ्या उसात शिरला. काहीच आवाज झाला नाही. तो समोर होता तेव्हा निदान कुठं आहे ते दिसत होतं. आता तो कुठंही असू शकत होता. दोघी पाठीला पाठ लावून तिथंच उभ्या राहिल्या. राखीचा आवाज बसून फक्त ओठ हलत होते.

मळ्याकडून माणसांचा गलका ऐकू आला. समर्थ आसपासच्या मळ्यांतली गडीमाणसं घेऊन येत होता, मागं ट्रॅक्टर. योगिनीला तेव्हा बिबट्यापेक्षाही त्या माणसांची धास्ती वाटली. तिनं सलवारीकडं पाहिलं. राखीनंही पाहिलं. काही न बोलता तिनं दप्तरातली पाण्याची बाटली काढली, उघडली आणि दोघींच्या अंगावर कमरेपासून खाली ओतून टाकली. माणसं जवळ आल्यावर म्हणाली, झटापटीत बाटली सांडली. कसली झटापट, ते कुणी विचारलं नाही.

त्या रात्रीपासून योगिनीला ताप भरला. तो दोन दिवसांत उतरला, पण ती घराबाहेर पडेना. शाळेत जायची वेळ झाली की पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. भांड्यांचा आवाज झाला तरी दचकायची. अभ्यासाचं पुस्तक उघडलं की पहिल्याच ओळीला ते सूत्र, आणि सूत्रापाठोपाठ ते वळण. बीजगणित आणि बिबट्या यांची तिच्या डोक्यात अशी गाठ बसली, की एकाचं नाव काढलं की दुसरा समोर येऊन बसे. परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा तिनं आईला सांगून टाकलं, की मी पेपरला जाणार नाही.

सुवर्णानं तिला रागावायला हवं होतं, पण तिच्याच मनात तेच होतं. उसाच्या त्या वाटेनं पोरीला रोज पाठवायचं या विचारानं तिचाही घास गळ्याखाली उतरत नव्हता. भारतनंही हात टेकले. "पुढच्या वर्षी दील," तो म्हणाला. "जीव ऱ्हायला तर परीक्षा."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात रिक्षा थांबली. राखी आणि तिची आई उतरल्या. छायाताई पतसंस्थेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. त्या ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. परीक्षा संपेपर्यंत योगिनीला आपल्याकडं ठेवायचं. घर गावात आहे, भोवती वस्ती आहे, परीक्षेच्या केंद्रावर जाणारी गाडी कोपऱ्यावरून सुटते. दोघी एकत्र अभ्यास करतील.

भारत ओट्याच्या कडेला बसून ऐकत होता. शेजारची गोजराबाई तिथंच लसूण सोलत बसली होती. ती सुवर्णाच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की आपली पोर त्यांच्या वस्तीत महिनाभर ठेवायची म्हणजे चार लोक काय म्हणतील. छायाताईंनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा हलला नाही, पण त्यांनी पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला. योगिनी दाराआड उभी होती. तिला वाटलं, आता या उठतील आणि जातील.

सुवर्णा म्हणाली, "त्या दिवशी चार लोक कुठं व्हते, मावशी? हिची पोर व्हती तिथं. तिनं माझ्या पोरीचा हात सोडला नाय." मग ती नवऱ्याकडं वळली. "मी योगिनीचे कपडे भरते."

भारतनं मान डोलावली. थोड्या वेळानं त्यानं स्वतः जाऊन रिक्षात मेथीच्या जुड्या आणि शेवंतीची एक पाटी ठेवली.

राखीचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली कपाट, आणि कपाटाला टेकून दोघींची गादी. वस्तीत दिवसभर कुकरच्या शिट्ट्या, पोरांची भांडणं, कुणाचा तरी टीव्ही. योगिनीला त्या गोंगाटाचा फार आधार वाटला. तरी गणिताचं पुस्तक ती उघडेना. राखीनं एक दिवस जाऊ दिला, मग तिच्यापुढं वही सरकवली.

"सोडवू नको," ती म्हणाली. "फक्त दिलेलं गणित खाली उतरव."

"मग?"

"मग काही नाही. उतरव."

योगिनीनं उतरवलं. राखी म्हणाली, आता ही तुझी पहिली ओळ झाली, कोरं पान राहिलं नाही. आता हिच्याकडं बघ आणि यातलं तुला काय ओळखू येतं ते सांग. योगिनीला इतकंच ओळखता आलं, की हा ए आणि हा बी. ते लिहायला लावलं. एवढ्याला पण गुण असतात, राखीनं सांगितलं. त्या दिवशी योगिनीनं एकही उत्तर काढलं नाही, पण पुस्तकाकडं बघायला ती शिकली. पुढच्या दोन-चार दिवसांत उत्तरंही यायला लागली. निम्मी चुकीची, पण यायला लागली.

आणि मग भूमितीची पाळी आली तेव्हा योगिनीला एक गोष्ट कळली. तिनं सहज म्हणून पुस्तकातल्या त्रिकोणाची नावं बदलून राखीला प्रमेय विचारलं, आणि राखी जागच्या जागी थिजली. पीक्यूआर असेल तरच तिला सिद्धता येत होती. एबीसी म्हटलं की सगळं गेलं. तिचे हात थंड पडले. योगिनीला हे थंड हात ओळखीचे होते. तिनं खडू आणला, फरशीवर मोठा त्रिकोण काढला आणि राखीला कोनात उभं केलं. तू आता कुठं उभी आहेस, तुझ्या समोर कोणती बाजू आहे, असं विचारत विचारत तिनं पक्ष, साध्य, रचना सगळं चालून दाखवलं. छायाताईंना स्वयंपाकघरात जायचं तर त्रिकोण ओलांडून जावं लागे.

त्याच दिवसांत कधीतरी, दिवे लागायच्या वेळी, राखी फरशी पुसता पुसता म्हणाली, की मला रोज ते वळण स्वप्नात येतं. योगिनी चकित झाली. मग तू एवढं मोठ्यानं कशी म्हणत होतीस? राखी म्हणाली, "तोंडात दुसरं काही नव्हतंच गं. थांबले असते तर रडले असते."

बीजगणिताच्या दिवशी नाशिकरोडच्या केंद्रावर कॉपी पकडणारं भरारी पथक आलेलं, फाटकावर पोलीस. राखी वेगळ्या खोलीत, समर्थ वेगळ्या. प्रश्नपत्रिका वाटली गेली आणि सगळ्या खोलीत एकदम पानं उलटल्याचा आवाज झाला. कोरड्या पात्यावर पातं घासावं तसा. योगिनीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? तिनं मान हलवली. हो की नाही, ते तिलाही कळलं नाही. बराच वेळ ती तशीच बसली. मग तिनं पहिलं गणित जसंच्या तसं खाली उतरवलं. उतरवून झाल्यावर तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग दुसरं उतरवलं. शेवटचे दोन प्रश्न राहिले, एक अर्ध्यात सुटला, घंटा झाली. बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून रडली. आपण नापास, याबद्दल तिला शंका नव्हती.

भूमितीच्या दिवशी मात्र राखीलाच फाटकापाशी उलटी झाली. योगिनीनं तिला नळावर नेलं, तोंड धुतलं, ओढणीनं पुसलं. "आकृती मोठी काढ," ती म्हणाली. "नावं त्यांनी दिलेली लिही. मग त्यात उभी राहा." दोघी एकमेकींचा हात धरून पायऱ्या चढल्या, आणि त्या सकाळी दोघींपैकी घाबरट कोण, हे सांगणं अवघड होतं.

मे महिन्यात निकाल लागला. राखीला गणितात शंभरपैकी ब्याऐंशी. योगिनीला एकावन्न. सुवर्णानं तो आकडा तीनतीनदा वाचायला लावला. समर्थ गणितात नापास झाला. तो दिवसभर घरात दिसला नाही.

एप्रिलात नदीपलीकडच्या पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला होता. तोच की दुसरा, ते कुणालाच सांगता येईना. योगिनीनं तो बघायला जायचं नाव काढलं नाही. अकरावीला नाशिकरोडच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला तरी उसाच्या वाटेनं ती एकटी जात नाही. भारत तिला रोज डांबरी रस्त्यापर्यंत सोडतो. भीती गेली असं तिला कधी वाटलं नाही. ती आहे, आणि आपण कॉलेजला जातो, एवढंच.

जूनमध्ये एके दुपारी समर्थ शेडमध्ये आला. त्या रविवारनंतर तो तिच्याशी धड बोललाच नव्हता. हातात पुरवणी परीक्षेचं हॉलतिकीट होतं. बराच वेळ तो झेंडूच्या पाकळ्या कुस्करत उभा राहिला.

"मी पळालो व्हतो," तो म्हणाला.

"मला माहीतंय. माणसं पण तूच आणली."

"मला ते सूत्र आलं की ते वळणच दिसतंय. पेपर कोरा दिला मी."

योगिनीनं पोतं झटकलं आणि त्याला बसायला जागा केली. मग राखीला फोन लावला, की रविवारपासून ये, पप्पा घ्यायला येतील.

पुरवणी परीक्षेच्या दिवशी समर्थसोबत केंद्रावर योगिनीच गेली. पेपर त्याचा होता, पण फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून घाम हिलाच फुटला होता. तिनं नखं खाल्ली, दोनदा जाऊन पाणी पिऊन आली, आत पथकाची गाडी शिरली तेव्हा उभीच राहिली. घंटा झाल्यावर पोरांच्या लोंढ्यात समर्थ दिसला. त्यानं लांबूनच बोटं शाईनं माखलेला हात वर केला.